पुरी ते पवनी : परतीचा रस्ता धानाचा
(शेवटचा भाग)

बुधवार. पुरी ते संबलपूर

पहाटे पाचला पुरी सोडली. मंडईच्या आत घरी पोचायचं, एवढंच ठरलेलं होतं. आमच्या भंडारा जिल्ह्यात भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते आणि आईच्या माहेरची मंडई शुक्रवारी. सासरी गेलेल्या लेकी, जावई, मामाजींचं सगळं गोत तिथं गोळा होतं. आई ती चुकवणं शक्य नव्हतं.

गाडी दादा चालवतो. जाताना बाबा मागच्या सीटवर झोपून होते. परतीला मात्र त्यांनी वहिनीकडून पुढची जागा मागून घेतली. समुद्र पाहून झाला, देवदर्शन झालं, आता त्यांना रस्त्याकडेचा धान बघायचा होता. ओडिशाच्या किनाऱ्यापासून आमच्या वैनगंगेपर्यंत भातशेतीचा पट्टा असा जवळजवळ सलग पसरला आहे, हे नकाशावर कधी लक्षात आलं नव्हतं. बाबांच्या मागं बसून ते दिसलं.

कटकच्या आसपास धान अजून उभा होता, लोंब्या नुकत्याच वाकलेल्या. "हा भारी धान हाये. महिनाभर तरी कापत नाई," बाबा म्हणाले. अंगुलकडे कोळशाचे ट्रक आणि धूळ. तिथं काचा लावून घेतल्या आणि कोणी काही बोललं नाही.

दिवस मावळायच्या आत हिराकुडला पोचलो. महानदीवरच्या या धरणाची पायाभरणी 1946 साली झाली आणि 1957 च्या जानेवारीत नेहरूंच्या हस्ते उद्घाटन. बाबा पाण्याकडे बराच वेळ बघत उभे होते. आमच्या पवनीजवळच्या गोसेखुर्दची पायाभरणी राजीव गांधींनी 1988 साली केली. मी तेव्हा शाळेत होतो. 2009 साली त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, धरणात पाणीही साठलं, पण कालव्यांची कामं वर्षानुवर्षं चालूच राहिली. हिराकुडला अकरा वर्षं लागली. बाबांनी हिशेब मोठ्यानं केला नाही, मी केला, आणि मला त्याचं वाईट वाटलं. धरणाखाली घरं-शेतं दोन्हीकडे गेली. निदान त्या बदल्यात पाणी तरी वेळेत शेवटच्या बांधीपर्यंत जायला हवं.

गुरुवार. संबलपूर ते पवनी

सकाळी बरगडच्या पुढे बाबांनी गाडी थांबवायला लावली. हिराकुडच्या कालव्यांवर पिकणारा हा मुलूख. डोळा जाईल तिथवर पिवळा रंग. एका बांधीत हार्वेस्टर चालू होता. धुऱ्यावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला बाबांनी हात जोडले, उभ्या पिकाकडे बोट दाखवलं, त्यानं मान हलवली. बाबांनी एक लोंबी खुडली, तळहातावर रगडली, फुंकर मारून फोल उडवलं आणि एक दाणा दाताखाली धरला. कट्टकन वाजला नाही. त्यांनी त्या माणसाकडे बघून नकारार्थी हात हलवला: ओल आहे. तोही हसला आणि आकाशाकडे बघून त्यानं दोन बोटं दाखवली, आणखी दोन दिवस. एकाला उडिया येत नाही, दुसऱ्याला मराठी येत नाही, आणि दहा मिनिटं त्यांचं बोलणं चाललं होतं. तुडतुड्याचंसुद्धा, हे मला नंतर कळलं.

रायपूर बाहेरूनच ओलांडलं. भिलाईच्या चिमण्या मुलांना लांबून दाखवल्या. राजनांदगावला जेवलो आणि बाघनदीकडे निघालो.

सीमा जवळ आली तशी गाडीत धानाच्या भावाची चर्चा सुरू झाली. छत्तीसगडात 2023 पासून सरकार क्विंटलला 3100 रुपयांनी धान घेतं, एकरी 21 क्विंटलपर्यंत. आमच्याकडे केंद्राचा हमीभाव आणि वर राज्यानं दिला तर हेक्टरी बोनस, तोही दोन हेक्टरांच्या मर्यादेत. म्हणूनच खरेदीच्या हंगामात बाहेरचा धान आत येऊ नये यासाठी छत्तीसगडच्या सीमेवर तपासणी होते. एकच माती, एकच पीक, मध्ये एक नदी, आणि पलीकडे भाव वेगळा. बाबांना यात राग नव्हता, पण नदी ओलांडताना त्यांनी दोन्ही काठ नीट बघून घेतले.

देवरीनंतर जंगल लागलं. कोहमाऱ्याकडे जाताना रस्ता उंच खांबांवरून जातो, खालून जनावरांना वाट सोडली आहे. नवेगाव आणि नागझिऱ्याच्या जंगलांना जोडणारा हा पट्टा. मुलांना मी 'जय' वाघाची गोष्ट सांगितली. 2013 साली तो नागझिऱ्यातून निघाला आणि आमच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात येऊन राहिला. नागझिरा महामार्गाच्या उत्तरेला, पवनी दक्षिणेला. म्हणजे हा रस्ता त्यानं ओलांडलाच, आणि तेव्हा या खालच्या वाटा नव्हत्या. 2016 च्या एप्रिलनंतर तो कोणाला दिसला नाही. धाकटीनं विचारलं, "मग तो घरी गेला का?" तिला काय सांगावं ते सुचेना.

सौंदडला चुलबंद ओलांडली की आमचा जिल्हा. साकोलीला उड्डाणपुलावरून न जाता खालच्या रस्त्यानं गेलो, शिंगाड्यांसाठी. हंगाम ऐन भरात होता. एक ढिवरीणबाई टोपल्यात उकडलेले शिंगाडे घेऊन बसली होती. काळं टरफल, दोन्ही बाजूंना काटे, दाताशी धरून दाबलं की आतला पांढरा गर अख्खा बाहेर. जुन्या मालगुजारी तलावांचं हे पीक. कोहळ्यांनी बांधलेले ते तलाव 1951 नंतर सरकारजमा झाले आणि कागदोपत्री माजी मालगुजारी, म्हणजे 'मामा तलाव' झाले. "कोणत्या तरावातले?" आईनं विचारलं. बाईनं गावाचं नाव सांगितलं, आणि तिथं आईची मावसबहीण दिलेली निघाली. त्यामुळं अर्धा तास मोडला.

साकोलीहून लाखांदूरच्या रस्त्याला वळलो. सानगडी मागं पडली. इथं हलका धान कापून झालेला. बांध्यांमधून कडपा पसरलेल्या, कुठं पुंजणे रचलेले. काच खाली करताच तो ओला-गोड वास आत आला. बाबा आता काहीच सांगेनात. इथलं त्यांना बघून सांगायचं नव्हतं. समोरून वडशाच्या नाटक मंडळींची गाडी आली, टपावर पडदे आणि पेट्या. झाडीपट्टीचा हंगाम सुरू झाला होता. प्रत्येक गावाच्या फाट्यावर नाटकाचं पोस्टर होतं, आणि दादा प्रत्येक ठिकाणी वेग कमी करत होता.

रात्री नऊला पवनी.

शुक्रवार. घर

पुरीहून निघताना आईनं निर्माल्य घेतलं होतं, म्हणजे जगन्नाथाच्या महाप्रसादाचा वाळवलेला भात. आमच्या पवनीतही जगन्नाथ टेकडी आहे. 1969-70 साली शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या उत्खननात तिथं प्राचीन बौद्ध स्तूप निघाला. आईला मात्र ती टेकडी देवाच्या नावानंच ठाऊक, आणि पुरीचा हट्ट तिथूनच धरलेला. सकाळी तिनं घरं मोजली, कागदाच्या पुड्या केल्या आणि एकेका पुडीत चार-चार शितं टाकली. उरलेली मूठ धानाच्या ढोलीत सोडली. तोवर बाबा शेतावर जाऊन आले होते. भारी धान सोमवारपासून कापायचा, मजूर सांगून ठेवले.

मंडईला दुपारी निघायचं आहे. रात्री नाटक, म्हणजे पहाटेपर्यंत परत येणं नाही. दादा आत्ता गाडी धुतो आहे.