बेलोरा ते शिवणी : सत्तर किलोमीटरचे आकाश

बडनेरा जंक्शनवर प्रथमच उतरणाऱ्या पाहुण्याला अमरावती अजून सुमारे दहा किलोमीटर पुढे आहे, हे ऐकून नवल वाटते. १८६७ मध्ये नागपूरला पोहोचलेला मुख्य लोहमार्ग बडनेऱ्यावरून गेला. अमरावतीच्या वाट्याला शाखा आली. पुढे विमानतळही बडनेऱ्याजवळच, बेलोरा येथे आकारास आला. १६ एप्रिल २०२५ रोजी तेथून मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली. विमान लहान, सुमारे सत्तर आसनांचे, पंख्यांचे. प्रारंभी आठवड्यातून तीनच दिवस. हवाई अंतर सुमारे ५४० किलोमीटर, वेळ पावणेदोन तास.

बेलोऱ्यापासून अकोल्याच्या शिवणी विमानतळाचे सरळ अंतर जेमतेम ७० किलोमीटर. एवढे अंतर विमान आठ-दहा मिनिटांत कापू शकेल. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील शिवणीची धावपट्टी अपुरी आहे. ती वाढवायची, तर जमिनीचा प्रश्न आला आणि तो वर्षानुवर्षे रेंगाळला.

त्यामुळे अकोल्याच्या डाळ-व्यापाऱ्याचा हिशेब मोठा मौजेचा होतो. मुंबई पश्चिमेला, पण तो आधी दीड-दोन तास पूर्वेला, बेलोऱ्याकडे धावतो. तास-पाऊण तास आधी पोहोचणे आलेच. मग विमान उडते आणि थोड्याच वेळात त्याच्याच शहराच्या दक्षिणेकडील आकाशातून पुढे सरकते! मुंबईत उतरून काळबादेवीची पेढी गाठेपर्यंत सहा तास सहज जातात. रेल्वेने अकोला-मुंबई ५८४ किलोमीटर. रात्री गाडीत झोपलेला माणूस सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतो, तेथून पेढी हाकेच्या अंतरावर. विमानाने वाचतो तो दिवस की रात्र, हे ज्याने त्याने आपल्या वहीत मांडावे. बडनेऱ्याच्या व्यापाऱ्याचा जमाखर्च मात्र निराळा. त्याला धावपट्टी घराजवळ आहे. चौविहार पाळणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. प्रारंभीच्या वेळापत्रकानुसार विमान सायंकाळी साडेसहाच्या सुमारास मुंबईत टेकत असे. हिवाळ्यात तेव्हा सूर्य मावळलेला असतो, म्हणून डबा आकाशातच उघडणे भाग.

याच दोन शहरांमधील महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. त्याच वाटेने साधु-साध्वींचा विहार होतो. रोज पंधरा-वीस किलोमीटर चालत, मूर्तिजापूरसारख्या गावी थांबत, बडनेऱ्याहून अकोल्याला पोहोचायला त्यांना चार-पाच दिवस लागतात. वाटेतील श्रावकांना आधी निरोप जातो, उतरण्याच्या जागेची व्यवस्था होते, पहाटे काही अंतर सोबत चालण्यासाठी घरची तरुण मुलेही निघतात. विमानाचे तिकीट खिशात असलेला व्यापारी, मोटार कडेला थांबवून, पादत्राणे काढून, त्यांना वंदन करतो. आणि मग घड्याळाकडे पाहत बेलोऱ्याकडे निघतो.