घोड्यांसाठी बांधलेली घरं

इंग्लंडच्या रटलंड परगण्यात बर्ली-ऑन-द-हिल नावाची एक जहागीर आहे. १६२०च्या दशकात ती जॉर्ज व्हिलिअर्सच्या, म्हणजे बकिंगहॅमच्या पहिल्या ड्यूकच्या ताब्यात होती. राजाच्या पागेची मुखत्यारी १६१६पासून त्याच्याकडेच होती, तेव्हा स्वतःची पागा त्यानं इतमामानं बांधली यात नवल नाही. पुढे राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी माजली. त्या धामधुमीत वाडा जळाला, पागा तेवढी उरली. शतक सरता सरता डॅनिअल फिंच या अर्लनं त्याच टेकडीवर आजचा वाडा उभा केला, तेव्हा आधीच्या वैभवातलं घोड्यांचं घर अजून शाबूत होतं.

अशा पागांवर माझा जीव आहे. कारण त्या शोभेच्या आधी अंगाला बेतून बांधलेल्या असतात, आणि ते अंग माणसाचं नसतं. चारी बाजूंनी इमारत, मधे फरसबंद चौक, दर्शनी कमान, तिच्यावर मनोरा आणि मनोऱ्यात घड्याळ, हा थाट लांबूनच दिसतो. यॉर्कशरमध्ये वेंटवर्थ वुडहाउसला जॉन कार यानं अठराव्या शतकात बांधलेली पागा ८४ घोड्यांची, एखाद्या राजवाड्याच्या तोलाची. पण खरी कारागिरी पाहायची तर जवळ जावं लागतं. गव्हाणीच्या बऱ्याच वर, घोड्याच्या डोळ्यांच्याही वर, अर्धचंद्राकृती खिडकी असते. उजेड आत यावा पण डोळ्यांवर येऊ नये, कोंदट हवा वरून निघून जावी, पाठीवर गार झोत येऊ नये, एवढा सगळा विचार त्या एका आकारात असतो. जमिनीच्या विटांना खाचा पाडलेल्या, म्हणजे टाप घसरत नाही आणि मूत पन्हळीकडे वाहून जातं. दाराच्या बाजूच्या विटेवर हात फिरवला तर तिची धार लागत नाही, कोपरा गोल केलेला असतो. आत-बाहेर करताना घोड्याचा पुठ्ठा खरचटू नये म्हणून ती वीट भट्टीतूनच तशी गोलसर काढायची. मुक्या जनावराची इतकी काळजी वाहणाऱ्या विटेला मी शिल्पाचाच मान देईन.

आणि इथे माणसं राहत नव्हती असंही नाही. माळ्यावर वैरण रचलेली असे आणि तिथेच आसपास मोतद्दार पोरांची झोपायची जागा. खाली खरारा, चंदी, शेण. वर घोड्यांच्या अंगाची ऊब आणि वास. आज अशा पागांची राहती घरं करतात आणि पागेचं घर झालं असं आपण म्हणतो, पण ज्यांची नावं कुणी कमानीवर कोरली नाहीत त्यांचा संसार तिथे केव्हाच मांडलेला होता.

मोटारी आल्या आणि पागा ओस पडल्या. करांच्या बोज्यानं आणि दोन महायुद्धांनी वाडेही खचले, शेकड्यांनी पाडले गेले. त्या पडझडीवर १९७४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात प्रदर्शन भरलं, आणि पुढच्याच वर्षी जुन्या इमारती वाचवण्यासाठी ‘सेव्ह ब्रिटन्स हेरिटेज’ ही संस्था उभी राहिली. प्रत्यक्ष तोडगा काढणाऱ्यांत वास्तुरचनाकार किट मार्टिन यांचं नाव मोठं. नॉरफकमधलं गंटन आणि १९९०च्या दशकात बर्ली, अशा जागांची त्यांनी घरं केली. त्यांची रीत साधी होती. इमारत मजल्या-मजल्यांनी आडवी कापायची नाही, उभी वाटायची. मग प्रत्येक घराला जमिनीवर स्वतःचं दार मिळतं, स्वतःचा जिना मिळतो. पागेला ही वाटणी चपखल बसते, कारण तिची दारं मुळातच चौकात ओळीनं उघडतात. बग्गीखान्याच्या रुंद कमानीत काच बसवली की दिवाणखाना होतो, माळ्यावर निजायच्या खोल्या.

भिंत मात्र जुनं विसरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या घोड्यांच्या मुतातले क्षार विटांत मुरलेले असतात. हवा दमट झाली की ते ओल ओढतात, डाग उमटतात, रंगाचे पोपडे निघतात. घाईचा ठेकेदार वर सिमेंट थापतो. ओल आतच कोंडते आणि वीट भुगा होऊन झडू लागते. जाणकार गवंडी चुन्याचा गिलावा करतो, भिंतीला श्वास घेऊ देतो, क्षार त्या गिलाव्यात उतरू देतो आणि गरज पडली तर तो काढून पुन्हा नवा लावतो. काम वेळखाऊ आहे, पण दुसरा रस्ता नाही.

माझा खरा जीव अडकतो तो चौकात. घरं विकली गेली की प्रत्येकाला आपल्यापुरता तुकडा हवासा वाटतो: इथे कुंपण, तिथे झुडपांची रांग, कोपऱ्यात मोटारीसाठी छप्पर. यातलं काहीही भिंतींना धक्का लावत नाही, पण पागा तिथेच संपते. घोड्याला वळायला, बग्गी फिरवायला जेवढी जागा लागे तेवढाच तो चौक, आणि त्या मापावरच चारी बाजूंची उंची ठरलेली. म्हणून फरशी एकसंध राहावी, मोटारी बाहेर भिंतीआड उभ्या राहाव्यात, आणि कुंपणाला मनाई हे घराच्या खरेदीखतातच लिहिलेलं असावं. शेजाऱ्यांनी एकमेकांच्या दारावरून जावं. मोतद्दारही तसेच जात.