चुरमुरे भिजवा, सुशीला करा!

चुरमुरे भिजवून खातात, हे इतकी वर्षं माझ्या कानावर कसं आलं नाही? भेळेत खाल्ले, चिवड्यात खाल्ले, सांगलीच्या भडंगात खाल्ले, पंढरपूरहून आलेल्या प्रसादाच्या पुडीतून बत्ताशांबरोबर खाल्ले. प्रत्येक वेळी काळजी एकच, की सादळायला नकोत, डब्याचं झाकण घट्ट लावा! आणि तिकडे लातूर, नांदेड, धाराशिव, सोलापूर भागातल्या घराघरांत सकाळी तेच चुरमुरे चक्क पाण्यात बुडवतात, पिळतात, फोडणीत परततात आणि दहा मिनिटांत असा गरम, तिखट, खमंग नाश्ता समोर ठेवतात की आयुष्यभर पोह्यांवर वाढलेल्या माणसानं थक्क व्हावं. या पदार्थाचं नाव सुशीला. तुम्ही त्या भागातले असाल तर हे सगळं तुमच्या घरचंच आहे. नसाल, तर तुमच्यासाठी हे घाईघाईनं लिहितोय, कारण ही गोष्ट मला एकट्याजवळ ठेवणं अशक्य झालंय.

मला ती सापडली लातूरला. कामासाठी गेलो होतो, एका सहकाऱ्याच्या घरी उतरलो होतो, परतीची गाडी सकाळची होती. निघताना मी ‘फक्त चहा’ म्हणालो, तर त्याची आई उठलीच. म्हणाली, “उपाशी कुठं निघालात? बसा पाच मिनिटं, सुशीला टाकते.” तिनं फळीवरचा डबा काढला, मोठ्या पातेल्यातल्या पाण्यात भसाभसा चुरमुरे ओतले, आणि मी खुर्ची सोडून ओट्यापाशी जाऊन उभाच राहिलो. “काकू, हे चुरमुरे ना?” “चुरमुरेच. बघा तर.”

चुरमुरे पाण्यावर तरंगत होते. काकूंनी तळहात पसरून ते एकदा खाली दाबले, उलटेपालटे केले, पुन्हा दाबले. बारीक चरचर आवाज आला, पाणी गढूळ झालं. एवढ्यात त्यांनी ओंजळीनं चुरमुरे उचलायला सुरुवातही केली. दोन तळव्यांत धरून हलकेच दाबायचे, पाणी गळू द्यायचं, मूठ चाळणीत सोडायची. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम. “भिजू द्यायचे नाहीत,” त्या म्हणाल्या, “नुसते ओले करायचे.” एवढंच वाक्य, पण सुशीलेचं सगळं मर्म त्यात आहे. चुरमुरे पाण्यात ठेवून तुम्ही कांदा चिरायला बसलात, की संपलं, त्यांची खीर होते. म्हणून कांदा आधी चिरायचा, फोडणी आधी करायची, पाणी सगळ्यात शेवटी.

मग त्या ओल्या चुरमुऱ्यांवर त्यांनी मूठभर डाळव्याचं पीठ भुरभुरलं. डाळवं म्हणजे आपली चिवड्यातली फुटाण्याची डाळ, पंढरपुरी डाळं. ते मिक्सरमधून फिरवून बरणीत भरून ठेवलेलं होतं. ते पीठ पडलं, त्यांनी हलक्या हातानं चुरमुरे वरखाली केले, आणि बघता बघता चुरमुऱ्यांवरची ओल नाहीशी झाली. मघाशी एकमेकांना चिकटू पाहणारे दाणे सुटे सुटे झाले, प्रत्येकावर पिवळसर पिठाचा पातळ थर. किती साधी युक्ती! जास्तीचं पाणी पीठ शोषून घेतं, भाजक्या डाळीचा खमंग वास येतो, आणि नाश्ता पोटाला आधार देणारा होतो, हे सगळं एका मुठीत.

फोडणी नेहमीचीच. तेलात आधी शेंगदाणे, लालसर होईपर्यंत, कारण मागाहून घातले तर ते कच्चट राहतात. मग मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, हिरव्या मिरचीचे तुकडे, भरपूर कांदा, हळद. कांदा पारदर्शक झाला की चुरमुरे, चवीपुरतं मीठ, चिमूटभर साखर, अलगद परतणं, मिनिटभर झाकण. झाकण काढल्यावर जी वाफ आली ती पोह्यांची नव्हती, उपम्याचीही नव्हती. तिला भट्टीतल्या भाजक्या धान्याचा वास होता. वरून लिंबू, कोथिंबीर. पहिला घास घेतला. मऊ, पण लगदा नाही. दाताखाली किंचित चिवटपणा, मग विरघळणं, मध्येच शेंगदाणा, मध्येच मिरचीचा चटका, आणि सगळ्याच्या तळाशी डाळव्याची ती गोडसर खमंग चव. गाडीची वेळ झाली नसती तर मी कढई संपवली असती.

पुण्यात परतल्याबरोबर वाण्याकडून चुरमुरे आणले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच घरी सुशीला केली. मुलीनं, जिला पोहे दिसले की पोट भरलेलं असतं, दुसऱ्यांदा वाढून घेतली. बायको डबा भरता भरता उभ्यानंच खात म्हणाली, “हे आपल्याला आधी का माहीत नव्हतं?” तोच तर माझाही प्रश्न आहे!

मग मला प्रश्न पडला, की हे इतकं झटपट होतंच कसं? उत्तर चुरमुऱ्याच्या जन्मातच आहे. चुरमुरे करताना भात आधी उकडतात, वाळवतात, सडतात. तो तांदूळ मिठाच्या पाण्यानं मुरवून पुन्हा सुकवतात, आणि मग भट्टीवरच्या तापलेल्या वाळूत टाकतात. दाण्याच्या पोटात उरलेल्या ओलीची क्षणात वाफ होते, ती बाहेर पडायला धडपडते आणि दाणा फुलतो. म्हणजे आपल्या हातात येतो तेव्हा तो उकडूनही झालेला असतो आणि भाजूनही. शिजवायचं म्हणून काही उरलेलंच नसतं! हवं असतं ते फक्त थोडं पाणी आणि थोडी ऊब. भडभुंज्यानं भट्टीपाशी घाम गाळून आपली पाऊण मेहनत आधीच करून ठेवलेली असते. रव्याला भाजणं आहे, इडली-डोशाला आदल्या रात्रीची आठवण आहे, थालीपिठाला भाजणी आहे. चुरमुऱ्याला यातलं काही नाही. पोहेही तयारच असतात हे खरं, पण जाडे पोहे धुऊन मुरायला ठेवावे लागतात. चुरमुऱ्यांना तेवढीही फुरसत नको.

आणि खर्च? 100 ग्रॅम चुरमुरे म्हणजे मोठं पातेलं भरतं, एवढे ते हलके. त्यात दोन कांदे, दोन-तीन मिरच्या, मूठभर शेंगदाणे, मूठभर डाळवं, दोन-तीन चमचे तेल, अर्धं लिंबू. आमच्याकडच्या भावानं दोन माणसांचा पोटभर नाश्ता तीस रुपयांच्या आत बसतो. गॅस जळतो तो फोडणीपुरता. महिनाअखेरीला, परगावी खोली घेऊन राहणाऱ्या मुलामुलींना, एकाच शेगडीवर संसार असणाऱ्यांना याहून सोयीचं मला तरी काही सुचत नाही.

पण एक सांगायलाच हवं. नुसते चुरमुरे म्हणजे बहुतांशी पिष्ट, आणि तेही फार लवकर पचणारं. त्यावर अकरा वाजेपर्यंत निभाव लागत नाही. म्हणून शेंगदाणे आणि डाळवं यांत हात आखडता घेऊ नका. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण 25 ग्रॅम प्रथिनं असतात, डाळव्यात 20च्या आसपास. या दोन मुठींमुळेच सुशीला हा खराखुरा नाश्ता होतो. मराठवाड्यातल्या ज्या कुणा बाईनं पहिल्यांदा ओल्या चुरमुऱ्यांवर डाळव्याचं पीठ भुरभुरलं, तिला माझा मनापासून नमस्कार!

सुशीलेनं मला वेडच लावलं म्हणून मी भेटेल त्याला विचारत सुटलो, आणि नकाशाच उलगडत गेला. उत्तर कर्नाटकात हीच सुसला. दावणगिरीला चुरमुऱ्यांना मंडक्की म्हणतात, तिथल्या मंडक्कीच्या भट्ट्या प्रसिद्ध आहेत, आणि तिथली मंडक्की वग्गरणे म्हणजे आपल्या सुशीलेची सख्खी बहीण. तिच्या शेजारी ताटलीत गरम मिरची भजी. पुढे बळ्ळारी, कर्नूल, अनंतपूरकडे गेलात की तीच उग्गाणी होते आणि तिथंही मिरची भजीचा शेजार सुटत नाही. 1956च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मराठवाडा, बीदर, कलबुर्गी, रायचूर हे सगळं एकाच हैदराबाद संस्थानात, मग हैदराबाद राज्यात होतं. पुढे राज्यं वेगळी झाली, पाट्यांवरच्या लिप्या बदलल्या, पण सकाळी सातला पाण्यात चुरमुरे टाकणारे हात महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र या तिन्ही राज्यांत आहेत. मला याचा केवढा आनंद झाला म्हणून सांगू! आणि आम्ही पश्चिमेकडचे मात्र पोहे की उपमा एवढ्यातच अडकून पडलो.

मिरची भजीची जोड मी रविवारी करून पाहिली. झटपट आणि स्वस्त या दोन्ही गोष्टी तिथं थोड्या सुटतात, पण भज्याचा तुकडा मोडून सुशीलेबरोबर खायचा, हे एकदा तरी कराच. एरवी शेजारी वाटीभर दही पुरे. टोमॅटो घालणारे घालतात. मला अर्धाच बरा वाटतो, जास्त झाला की ओल वाढते आणि दाणे चिकटतात. मटार, गाजर, फरसबी वगैरे मात्र नको. चुरमुऱ्याचा जीव छोटा, त्याच्यावर एवढा भार टाकू नये. ओलं खोबरं वरून घातलेलंही मी खाल्लं आहे, चांगलं लागतं, पण ती चव कोकणाची होते. सुशीला मला कोरडवाहू मुलखातल्या खमंगपणासकटच हवी.

आता चुरमुऱ्यांविषयी. भेळेचे पातळ, फुसफुशीत चुरमुरे यासाठी फारसे कामाचे नाहीत, पाणी लागताच आडवे होतात. भडंगाचे जाड, टपोरे चुरमुरे मागा. कोल्हापूर-बेळगावकडे चिरमुरे म्हणा, विदर्भात मुरमुरे म्हणा, पण दाणा जाड हवा. एक शोध तर मला फारच मोलाचा वाटतो: पावसाळ्यात डब्याच्या तळाशी सादळून पडलेले चुरमुरे, जे आपण पुन्हा कढईत भाजून कुरकुरीत करायला बघतो किंवा सरळ टाकून देतो, ते सुशीलेला उत्तम चालतात. नाहीतरी ओलेच करायचे आहेत! वास मात्र घेऊन बघा. खवट नसले म्हणजे झालं. चुरमुऱ्यांत मूळचं मीठ असतं, म्हणून ओले केल्यावर एक दाणा तोंडात टाका आणि मगच मीठ ठरवा. भिजवण्याचा आणखी एक फायदा असा, की भट्टीतल्या वाळूचा एखादा कण राहिला असलाच तर तो तळाशी बसतो. म्हणून चुरमुरे वरून ओंजळीनं उचलायचे, पातेलं चाळणीत ओतायचं नाही. काकू ओंजळीनं का उचलत होत्या, हे घरी पातेल्याचा तळ बघितल्यावर माझ्या ध्यानात आलं.

घाईच्या घरासाठी मी आता एवढी तयारी करून ठेवतो: डाळव्याचं पीठ एका बरणीत, शेंगदाणे आधीच भाजून दुसऱ्या बरणीत, कढीपत्ता धुऊन पुसून फ्रीजमध्ये. मग सकाळी काम उरतं कांदा चिरण्याचं. कढई तापत ठेवायची, तेवढ्यात कांदा-मिरची चिरून होते. फोडणी होता होता पातेल्यात पाणी भरायचं, कांदा पारदर्शक झाला की चुरमुरे बुडवायचे आणि लगेच पिळायचे. शेंगदाणे भाजलेले असले तर चुरमुऱ्यांबरोबरच टाकायचे. चहा उकळून गाळेपर्यंत सुशीला तयार असते. आदल्या रात्री काही भिजवायचं राहिलं, पीठ आंबलं नाही, रवा संपला, ब्रेड आणला नाही, असल्या कुठल्याही सबबीला इथं जागा नाही.

परवा कार्यालयात नेली, डब्यात. दुपारपर्यंत जरा घट्ट झाली होती, तरी दोघांनी कृती लिहून घेतली. पण खरं सांगायचं तर ही डब्याची नव्हे, कढईतून थेट ताटलीत यायची चीज आहे. गरम असतानाच खायची, लिंबू ताटलीत घेतल्यावर पिळायचं.

तेव्हा आज संध्याकाळी वाण्याकडे किंवा भडभुंज्याकडे जाल तेव्हा पाव किलो जाड चुरमुरे आणि पाव किलो डाळवं घ्या. कांदे, मिरच्या, शेंगदाणे घरात असतीलच. उद्या सकाळी सुशीला करा, आणि पाण्यात चुरमुरे टाकल्यावर दुसऱ्या कुठल्याही कामाला हात लावू नका.