उंबरठ्यापाशी

अण्णा स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापाशी येऊन थांबायचे. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. मी मागून म्हणायचो, "अण्णा, चला ना, चहा निवतोय." ते काही बोलत नसत. तो हट्ट नव्हता, आळसही नव्हता. हे कळायला मला दोन वर्षं लागली, याचं अजून वाईट वाटतं.

अण्णांना कंपवात होता, पण कंपवात म्हणजे हात थरथरणं, एवढंच तोवर ठाऊक होतं. मेंदूत खोलवर स्ट्रायटम नावाचा भाग आहे. तिथे येणारं डोपामिन हे रसायन एकच, पण ते झेलणाऱ्या पेशी मुख्यतः दोन तऱ्हांच्या. डी-१ रिसेप्टरच्या पेशी डोपामिनमुळे चेततात आणि हालचालीला वाट मोकळी करतात. हालचाल रोखणाऱ्या, डी-२च्या पेशी त्याच डोपामिनमुळे निवतात. कंपवातात डोपामिन आटलं की दोन्हीकडून कोंडी होते. एकदा उलटीसाठी दिलेल्या मेटोक्लोप्रमाइडच्या गोळ्यांनी अण्णा आणखी ताठरले, कारण ते औषध नेमकं डी-२ अडवतं. उरलंसुरलं डोपामिनही मग वाया.

तरी एक पेशी ढकलणारी, दुसरी अडवणारी, इतका सरळ हिशेब नाही. उंदीर हालचाल सुरू करतो तेव्हा दोन्ही तऱ्हांच्या पेशी एकदमच जाग्या होतात, असं दिसलं आहे. एक पाऊल उचलायचं तर बाकीच्या कितीतरी हालचाली त्याच क्षणी आवरून धराव्या लागत असाव्यात. मला हे फार विलक्षण वाटतं. साधं चालणंसुद्धा इतकं राखून केलेलं असतं!

मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण जगापुढे मांडला. त्याच मुळीतलं रेसरपिन स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी सशांना दिलं, तेव्हा ससे निपचित पडले. ज्यापासून डोपामिन बनतं ते एल-डोपा टोचल्यावर पुन्हा हिंडू लागले. ते साल १९५७. अण्णांची सकाळची एल-डोपाची गोळी याच वाटेने आमच्या घरात आली.

गोळीचा असर ओसरला की उंबरठा पुन्हा आडवा यायचा. फिजिओथेरपिस्टताईंनी सांगितलं, "त्यांच्यापुढे ओलांडायला काहीतरी ठेवा. तुमचा पाय चालेल." वडिलांना चुकून पाय लागला तरी नमस्कार करायची सवय असलेला मी. पहिल्यांदा त्यांच्या वाटेत पाऊल आडवं ठेवलं तेव्हा माझाच पाय जड झाला. अण्णांनी खाली पाहिलं, क्षणभर थांबले, आणि माझ्या पावलावरून अलगद पाय टाकून चहाकडे गेले.