दोन मोहरा

परवा अकरावीच्या वर्गावर एक तास मोकळा मिळाला, म्हणून फिलिपिन्सच्या होसे रिझालची ‘नोली मी तांगेरे’ ही १८८७ सालची कादंबरी हाती घेतली. १९५६ च्या कायद्यानं ती तिथल्या विद्यार्थ्यांना शिकावीच लागते. मी निवडलं सिसाचं प्रकरण. तिची दोन कोवळी पोरं चर्चमध्ये राबतात. धाकट्या क्रिस्पिनवर दोन मोहरा चोरल्याचा आळ आलेला. इकडे पोरांसाठी राखलेलं जेवण नवरा फस्त करतो, आणि ती माउली उरलेले तीन सुके मासे भाजून वाट पाहत बसते.

वर्ग चिडीचूप होता. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, “सर, पण मोहरा त्यानं घेतल्या होत्या का?”

माझी जीभ टाळ्याला चिकटली. गेल्या वर्षी सहलीच्या वर्गणीतले दोनशे रुपये कमी भरले, तेव्हा याच मुलाला मी सगळ्यांदेखत उभं केलं होतं. पैसे पुढे माझ्याच टिपणवहीत सापडले. मी ते गुपचूप भरून टाकले.

“नाही,” मी पुस्तक मिटत म्हणालो, “त्यानं नव्हत्या घेतल्या. आणि तूही नव्हते घेतलेस. चूक माझी होती.”

तो खाली बसला. मी मात्र घंटा होईपर्यंत उभाच होतो.