आणखी काय घेता?

काही वर्षांपूर्वीची पावसाळ्यातील एक सकाळ. आमच्या भागातील एका निवृत्त शिक्षिकेला त्यांच्या मुलाने अक्षरशः उचलून दवाखान्यात आणले. अंग घामाने डबडबलेले, बोलणे असंबद्ध, रक्तातील साखर अवघी 44. शिरेतून ग्लुकोज देताच त्या सावध झाल्या. तरी दिवसभर त्यांना नजरेखाली ठेवले. मधुमेहाच्या गोळ्या मीच देत होतो आणि मात्राही जुनीच होती. मग साखर एवढी उतरली कशी?

संध्याकाळी उलगडा झाला. दोन महिन्यांपासून बाई अनशापोटी कारल्याचा रस आणि कुणीतरी दिलेले चूर्ण घेत होत्या. पुडीवर घटकांची नावे नव्हती. अशा चूर्णांत मधुमेहाच्या गोळ्यांचीच पूड सापडल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

“बाई, मला सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही रागावाल म्हणून.”

आयुष्यभर वर्ग धाकात ठेवणाऱ्या बाईंना माझा धाक वाटावा, हे मला लागले.

त्यानंतर मी या विषयावरील संशोधन वाचू लागलो. डॉ. डेव्हिड आयझेनबर्ग यांची अमेरिकेतील पाहणी 1993 साली प्रसिद्ध झाली. वर्षभरात सुमारे तृतीयांश लोकांनी असे उपचार घेतले होते आणि त्यांपैकी 72 टक्क्यांनी ते आपल्या डॉक्टरांना सांगितले नव्हते. 1998 मध्ये जॉन अ‍ॅस्टिन यांनी 1035 जणांच्या उत्तरांवरून या ओढीची कारणे शोधली. अज्ञान किंवा डॉक्टरांविषयीची नाराजी ही ती कारणे असतील, असा माझाही समज होता. प्रत्यक्षात अधिक शिकलेले लोकच अशा उपचारांकडे अधिक वळत होते, आणि नाराजी हे कारण ठरले नाही. शरीर, मन आणि जगणे यांकडे एकत्र पाहणारे उपचार त्यांना आपल्या जीवनदृष्टीशी जुळणारे वाटत होते. प्रामुख्याने पर्यायी उपचारांवर विसंबणारे पाच टक्क्यांहूनही कमी होते.

ही पाहणी परदेशातील; आपल्याकडे तर काढा आणि चूर्ण घराघरांत आहे. तरीही बाईंचे पुढचे वाक्य त्याच निष्कर्षाशी जुळणारे होते : “गोळी तुम्ही देता, डॉक्टर. रस मी स्वतः काढते. आपणही आपल्यासाठी काही करतोय, असं वाटतं.”

एखादा उपचार मनाला पटला म्हणून तो निर्धोक ठरत नाही, हे मी आजही ठामपणे सांगतो. मात्र आता प्रत्येक रुग्णाला “आणखी काय घेता?” असे विचारतो, आणि उत्तर ऐकताना कपाळावर आठी येऊ देत नाही.

वाचकहो, पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना घरातील गोळ्या, काढे, चूर्णे, सारे एका पिशवीत घालून न्या. डॉक्टर रागावलेच, तरी सांगा. त्या रागापेक्षा तुमचे मौन अधिक महाग पडू शकते.