डब्यातली राणीची बाग

छंद म्हटला की बायकांच्या कपाळाला आठ्या पडतात, कारण नवऱ्याच्या छंदाचा पसारा शेवटी आपल्यालाच आवरावा लागतो. आमच्या ह्यांना नाणी जमविण्याचा नाद होता, आणि तीही फक्त प्राण्यांचे चित्र असलेली. पगार बेताचा, त्यामुळे सोन्याचांदीचा प्रश्नच नव्हता. बोटीवर नोकरी करणारा एक मित्र परदेशातली मोड आणून देई. बाकीची फुटपाथवर घासाघीस करून मिळत. सारी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राहत. त्या डब्याला ते 'राणीची बाग' म्हणत.

बागेत आधी घरचेच प्राणी होते. १९४७ च्या रुपयावरचा वाघ, १९५० च्या पैशावरचा घोडा, त्याच मालिकेतल्या आण्यावरचा बैल आणि १९८८ पासून निघालेल्या पंचवीस पैशांवरचा गेंडा. ते पंचवीस पैसे ३० जून २०११ ला चलनातून बाद झाले, आमचा गेंडा मात्र डब्यात सुखरूप आहे. गुप्त सम्राट पहिल्या कुमारगुप्ताच्या सुवर्णनाण्यावरही गेंड्याची शिकार करणारा राजा दिसतो. "बघा, पंधराशे वर्षांनी गेंडा परत आला, आणि या वेळी शिकाऱ्यावाचून!" असे ते मुलांना सांगत. मग ऑस्ट्रेलियाच्या वीस सेंटवरचा प्लॅटिपस आला, कॅनडाच्या पाच सेंटवरचा बीव्हर आला. आयर्लंडने १९२८ साली काढलेल्या नाण्यांपैकी पिलांसह कोंबडी आणि पिलांसह डुकरीणही आली. ती चित्रे निवडणाऱ्या समितीचे अध्यक्ष कवी यीट्स होते, हे मला ह्यांच्याकडूनच कळले.

साप मात्र घरात येणे कठीण होते. सासूबाईंचा थोरला भाऊ शेतात पान लागून गेला होता. त्या सापाचे नाव कधी घेत नसत. 'जनावर' किंवा 'लांबडं' म्हणत. नागपंचमीला पाटावरच्या नागाला हात जोडतानाही त्यांचा आवाज कापे.

आणि एक दिवस मेक्सिकोचे नाणे आले. निवडुंगावर बसलेला गरुड आणि त्याच्या चोचीत साप! मी ते लपवणार, तेवढ्यात सासूबाईंनी पाहिलेच. ह्यांनी शांतपणे गोष्ट सांगितली. निवडुंगावर बसलेला गरुड दिसेल तिथे नगर वसवा, अशी देवाची खूण अॅझटेक लोकांना मिळाली होती. ते नगर म्हणजे आजची मेक्सिको सिटी. सासूबाईंनी नाणे हातात घेतले, डोळ्यांशी नेले. "अरे, हा तर आपला गरुड! त्याने धरलंय ना त्याला? मग राहू दे," म्हणाल्या. त्यानंतर त्यांना पुस्तकातले पर्गमम शहराचे दोन हजार वर्षांपूर्वीचे नाणेही दाखवता आले. त्यावर टोपलीतून साप बाहेर येतो. "म्हणजे गारुडी तिकडेही होते!" असे म्हणून त्या हसल्या. सापावरून त्या हसल्याचे मी तेव्हाच प्रथम पाहिले.

हे गेल्यावर वर्षभराने मुलाने डबा एका व्यापाऱ्याला दाखवला. त्याने नाणी तराजूत टाकून किलोचा भाव सांगितला. मुलाचेही चूक नव्हते, घराचे हप्ते चालू होते. पण आलेल्या पैशात एक हप्तासुद्धा सुटत नव्हता. मी डबा परत मागून घेतला.

आता शनिवारी नात आणि मी ती नाणी काढतो. ती नकाशात देश शोधते, मी ह्यांची वही वाचते. कोणाकडे असा डबा असेल तर एवढेच सांगते, नाणी चिंच-मिठाने लख्ख घासू नका. वरचा जुना थर गेला की जाणकार किंमत देत नाहीत. कडेने धरा, कोरडी ठेवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय आहे, मुलांना तिथे जरूर न्या.

वहीतली शेवटची नोंद माझ्या अक्षरात आहे. न्यूझीलंडचे जुने पाच सेंट. त्यावर तुआतारा आहे, दिसायला सरडा, पण सरडा नव्हे.